मुदत : सरकारी कंत्राटाविरुद्धची तक्रार ‘उशिरा’ आली, असे कधी म्हणायचे?

(१)
३ जानेवारी १९७७. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर दुय्यम दर्जाचे एक उपाहारगृह आणि दोन अल्पोपाहार केंद्रे तीन वर्षे चालवण्यासाठी निविदा सूचना निघाली. अट होती की निविदा भरणारा ‘नोंदणीकृत दुय्यम दर्जाचा हॉटेलचालक’ असावा आणि त्याला किमान पाच वर्षांचा अनुभव असावा. मोहोरबंद निविदा २५ जानेवारीला दुपारी १२ वाजेपर्यंत द्यायच्या होत्या आणि १२.३० वाजता उघडायच्या होत्या.

(२)
एकूण सहा निविदा आल्या. दरमहा ६,६६६ रुपये ६६ पैसे परवाना शुल्क देऊ करणारी सर्वाधिक रकमेची निविदा स्वीकारली गेली. ती भरणाऱ्यांना कंपन्यांची उपाहारगृहे चालवण्याचा दहा वर्षांचा अनुभव होता; मात्र ते ‘नोंदणीकृत दुय्यम दर्जाचे हॉटेलचालक’ नव्हते. म्हणजे छापलेली अट एक आणि प्रत्यक्षात लावलेली दुसरी, असे झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ४ मे १९७९ रोजी न्यायालयाने सांगितले की प्राधिकरणाचे वागणे चुकीचे होते. तरीही कंत्राट रद्द झाले नाही. त्यामागच्या कारणांपैकी एक होते, ‘तुम्ही उशिरा आलात’.

(३)
हा धागा त्या ‘उशिरा’विषयी आहे. निविदा भरण्याची शेवटची वेळ मिनिटापर्यंत ठरलेली असते. १२ वाजून १ मिनिटाला आलेला लिफाफा उघडला जात नाही. मग सरकारने चुकीच्या माणसाला कंत्राट दिले, ही तक्रार किती दिवसांत करायची, हे कुठे छापलेले असते? महाराष्ट्रातील बहुतेक निविदांपुरते उत्तर असे आहे की दिवसांचा आकडा कुठेच नसतो. तो का नाही, हे समजण्यासाठी पुणे जिल्ह्याच्या दोनशे वर्षांच्या इतिहासातून जावे लागते.

(४)
सुरुवात मराठेशाहीपासून. वतनाचा वाद गोतसभेपुढे किंवा मजालसीपुढे जाई. साक्षी-पुरावे होत, निर्णयाचा महजर लिहिला जाई आणि हरलेल्या पक्षाकडून ‘येजितखत’, म्हणजे पराभवाची लेखी कबुली, घेतली जाई. वादावर पडदा पाडण्याचे साधन ही कबुली होती. त्यात काळाचा संबंध नव्हता. ‘अमुक वर्षांनंतर दावा चालणार नाही’ असा सरसकट नियम नसल्यामुळे वतनाचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत. सत्ता बदलली, नवा अंमलदार आला, की जुना दप्तराचा गठ्ठा पुन्हा सुटे.

(५)
दुसऱ्या बाजीरावाच्या काळात सरकारी ‘कंत्राट’ हा प्रकार वेगळ्याच रूपात दिसतो. परगण्याच्या वसुलीचा मक्ता अधिक रक्कम बोलणाऱ्याला मिळू लागला. १८१९ च्या अहवालात एल्फिन्स्टनने या इजारा पद्धतीची आणि तिच्यामुळे रयतेवर आलेल्या ताणाची नोंद केली आहे. कुणाचा मक्ता का मंजूर झाला, हे विचारण्याची सोय नव्हती. मक्ता देणे ही धन्याची मर्जी होती. ‘सरकार आपला व्यवहार कुणाशीही करील’ हा विचार पुढेही फार काळ टिकला, हे ध्यानात ठेवावे.

(६)
इंग्रजी अमलाने दाव्यांना मुदत लावली. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेतील पाचव्या विनियमाने आणि नंतर १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने. जुने दावे कायम लोंबकळू नयेत, साक्षीदार जिवंत असताना निकाल लागावा, हा हेतू समजण्यासारखा होता. १८५९ च्या कायद्याने सावकाराच्या साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. कागदावर हा नियम कुणबी ऋणकोच्या बाजूचा होता, कारण जुने कर्ज त्याच्या मानेवर कायम राहणार नव्हते.

(७)
प्रत्यक्षात उलटे घडले. मुदत संपण्याच्या सुमारास सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला. त्या रोख्यात मुद्दल आणि साचलेले व्याज मिळून नवे मुद्दल होई. दर तीन वर्षांनी हे चक्र फिरे. १२ मे १८७५ रोजी सुपे गावी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले गेले, आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत तो वणवा पसरला. चौकशी आयोगाने नोंदवलेल्या कारणांत मुदतीचा कायदाही होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत ही मुदत वाढवली; साध्या व्यवहारांत सहा वर्षे, नोंदणीकृत दस्तांत बारा.

(८)
आजचे चाकण खेड तालुक्यात आहे. पिंपरी, चिंचवड आणि भोसरी ही तेव्हा हवेली तालुक्यातील गावे होती. म्हणजे आजचा औद्योगिक पट्टा ज्या जमिनीवर उभा आहे, तिथल्या कुळांनी मुदतीच्या कायद्याचे दोन्ही चेहरे पाहिले होते. या अनुभवातून निघणारी गोष्ट पुढच्या सगळ्या कथेला लागू पडते. मुदत सर्वांना सारखी दिसते, पण तिचा फायदा तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्याला होतो. सावकाराकडे वही होती आणि तारखा लिहिणारा कारकून होता. कुणब्याकडे यांपैकी काहीच नव्हते.

(९)
आता प्रतिपक्ष खुद्द सरकार असेल तर? दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८० सांगते की सरकारविरुद्ध दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी. सरकारला आपली चूक सुधारण्याची संधी मिळावी, हा उद्देश. पण सरकारचे काम उद्याच सुरू होणार असेल आणि ते थांबवायचे असेल, तर दोन महिने थांबून काय मिळवायचे? हा प्रश्न मालेगावातून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला.

(१०)
एप्रिल १९२१ मध्ये मालेगावात दंगल झाली. नुकसानभरपाईची रक्कम सरकारने तिथल्या रहिवाशांकडून वसूल करायचे ठरवले. काहींनी ही वसुली थांबवण्यासाठी दावा लावला, पण दोन महिने पुरे होण्याची वाट पाहिली नाही. १९२७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की कलम ८० ला अपवाद नाही. मनाई हुकूम मागायचा असला तरी नोटीस देऊन थांबलेच पाहिजे. म्हणजे त्या काळी नागरिकाची अडचण ‘उशिरा आलात’ ही नव्हती. कायदाच त्याला सांगत होता, ‘तुम्ही लवकर आलात, परत जा’. तातडीच्या प्रसंगी न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावण्याची वाट उघडायला १९७६ ची दुरुस्ती यावी लागली.

(११)
असेच कुंपण महापालिकांभोवतीही आहे. पिंपरी-चिंचवडला लागू असलेल्या १९४९ च्या महापालिका अधिनियमातील कलम ४८७ नुसार, अधिनियमाखाली केलेल्या कृतीबद्दल पालिकेवर दावा लावायचा तर एक महिन्याची नोटीस हवी आणि दावा सहा महिन्यांत हवा. एका हाताने ‘थांबा’ आणि दुसऱ्या हाताने ‘घाई करा’. निविदेचा वाद मात्र सहसा या वाटेने जात नाही. तो जातो उच्च न्यायालयात, संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली, रिट अर्जाच्या रूपात.

(१२)
अनुच्छेद २२६ मध्ये नोटीस नाही आणि मुदतही नाही. संविधानाने उच्च न्यायालयाला अधिकार दिला; किती दिवसांत यायचे, ते लिहिले नाही. ही मोकळीक किती खरी, हे मुंबईच्याच एका प्रकरणात तपासले गेले. विक्रीकर अधिकाऱ्याने जप्त केलेली रक्कम परत मागण्यासाठी त्रिलोकचंद मोतीचंद ही पेढी अनेक वर्षांनी अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात आली. नोव्हेंबर १९६८ मध्ये पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला आणि मुदतीबाबत त्यांच्यात एकमत झाले नाही.

(१३)
न्या. हेगडे यांचे मत होते की मूलभूत हक्काच्या मागणीला विलंबाचे कारण दाखवून परत पाठवता येणार नाही. न्या. सिक्री यांनी साधारण एका वर्षाची मर्यादा सुचवली. न्या. बच्छावत आणि न्या. मित्तर यांना मुदतीच्या कायद्यातील कालमर्यादा मार्गदर्शक वाटल्या. सरन्यायाधीश हिदायतुल्ला म्हणाले की आकडा ठरवू नये. प्रत्येक प्रकरण आपल्या परिस्थितीवर तपासावे, मात्र अर्जदाराने शक्य तितक्या त्वरेने यावे. पेढी हरली. पुढच्या काळात मार्ग हिदायतुल्लांचाच चालला. आकडा नाही, विवेक आहे.

(१४)
या विवेकाची दोन टोके महाराष्ट्रातच दिसतात. १९७४ मध्ये तहसीलदारांच्या पदोन्नतीच्या वादात अर्जदार दहा-बारा वर्षांनी आले होते. तरीही न्यायालयाने त्यांचे म्हणणे ऐकले आणि सांगितले की विलंबाचा नियम हा कायदा नव्हे, न्यायालयांनी पाळायची रीत आहे. याउलट १९७१-७२ च्या दुष्काळी कामांत आपली जमीन रस्त्याखाली गेली, मोबदला मिळाला नाही, असे म्हणणारा एक शेतकरी सुमारे वीस वर्षांनी उच्च न्यायालयात आला. तिथे त्याला दिलासा मिळाला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विलंबाच्या कारणावरून तो काढून घेतला. दोन्ही निकालांमागे कारणे आहेत. पण आपल्या वाट्याला यांपैकी कोणते टोक येईल, हे आधी सांगता येत नाही.

(१५)
इकडे पुण्याच्या वायव्येला वेगळीच घडामोड चालली होती. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसीची स्थापना झाली. १९६० च्या दशकात टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, पिंपरीत आली. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महापालिका. ज्या चाकणच्या संग्रामदुर्गाने १६६० मध्ये शायिस्ताखानाला जवळपास दोन महिने अडवून ठेवले, त्याच्या आसपास या शतकात मोटारींचे कारखाने उभे राहिले.

(१६)
कारखान्यांबरोबर मागणी आली : रस्ते, जलवाहिन्या, दिवे, सांडपाणी प्रकल्प, बस, शाळेची बाके, रुग्णालयाचे साहित्य. म्हणजेच निविदा. देहूरोडच्या आयुध कारखान्यापासून महापालिकेपर्यंत आणि एमआयडीसीपासून मेट्रोपर्यंत या पट्ट्यात सरकारी खरेदीदारांची रांग आहे. भोसरी-तळवड्याच्या लहान कारखानदाराला मोठ्या कंपनीचे सुटे भाग करण्याबरोबरच अशा खरेदीचाही आधार असतो. त्यामुळे सरकारने कंत्राट नियमाने दिले की नाही, हा या पट्ट्यात रोजगाराचा प्रश्न आहे.

(१७)
आता पुन्हा विमानतळाकडे. रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण. न्या. भगवती, न्या. तुळजापूरकर आणि न्या. पाठक यांचे खंडपीठ. अर्जदाराने निविदा भरलीच नव्हती. त्याचा युक्तिवाद साधा होता : ‘अट मीही पूर्ण करत नव्हतो, म्हणून मी भरली नाही. अट शिथिल होणार हे माहीत असते, तर मीही भरली असती.’ न्यायालयाने हे मान्य केले. सरकारी प्राधिकरणाने स्वतः जाहीर केलेले निकष त्याच्यावर बंधनकारक आहेत. सरकार खासगी माणसाप्रमाणे मर्जीने कुणाशीही व्यवहार करू शकत नाही. कंत्राटासारख्या लाभाच्या वाटपातही अनुच्छेद १४ चे समतेचे बंधन आहे.

(१८)
बाजीरावाच्या मक्त्यापासून चालत आलेल्या ‘धन्याची मर्जी’ या विचाराला इतका स्पष्ट नकार पूर्वी क्वचितच मिळाला होता. आज देशातील कोणत्याही निविदेच्या वादात हा निकाल दाखवला जातो. पण ज्याने तो मिळवला, त्याला काय मिळाले? काहीही नाही. निविदा स्वीकारल्यानंतर पाच महिन्यांहून अधिक काळाने तो न्यायालयात आला होता. तोवर कंत्राटदाराने सुमारे सव्वा लाख रुपये खर्च केले होते. शिवाय अर्जदाराचे स्वतःचे हित न्यायालयाला खरे वाटले नाही. आधीच्या चालकाच्या सांगण्यावरून तो उभा राहिला असावा, असे दिसले. अशा स्थितीत कंत्राट रद्द करणे अन्यायाचे होईल, असे न्यायालयाने ठरवले.

(१९)
या निकालात एक महत्त्वाचा विचार दडलेला आहे. पाच महिने हा काळ स्वतःहून लांब नाही. त्याच न्यायालयाने दुसरीकडे दहा वर्षे माफ केली होती. फरक पडला तो त्या काळात दुसऱ्या माणसाने केलेल्या खर्चाने. म्हणजे कंत्राटाच्या बाबतीत घड्याळ तारखांवर चालत नाही, जागेवरच्या कामावर चालते. खड्डा खणला, यंत्रे आली, माणसे लागली, की तक्रारदाराची वेळ संपत जाते. काम लवकर सुरू करणारा कंत्राटदार अशा रीतीने स्वतःच्या बाजूने वेळ निर्माण करू शकतो.

(२०)
१९९० नंतर हे घड्याळ आणखी वेगाने धावू लागले. नागपूरजवळच्या खापरखेडा औष्णिक वीज केंद्रासाठी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने मोठ्या व्यासाच्या जलवाहिन्या आणि पोलादी टाक्यांचे कंत्राट दिले. प्रतिस्पर्ध्याने आव्हान दिले आणि उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. डिसेंबर १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. न्या. सुजाता मनोहर यांनी लिहिलेल्या या निकालाचे सूत्र असे : स्थगितीआधी न्यायाधीशाने विलंबाचा खर्च, वाढणारी किंमत आणि लोकांची गैरसोय तोलावी, स्थगिती घेऊन जो शेवटी हरेल, त्याच्यावर त्या नुकसानीची जबाबदारी टाकण्याचा विचार व्हावा.

(२१)
२०१८ मध्ये विशिष्ट साहाय्य अधिनियमात दुरुस्ती झाली. पायाभूत प्रकल्पाला विलंब होणार असेल तर दिवाणी न्यायालयाने मनाई हुकूम देऊ नये, असे त्यात आले. मार्च २०२२ मध्ये झारखंडच्या एका रस्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीमागचा हेतू रिट अर्जांच्या वेळीही लक्षात घ्यावा असे सुचवले. काम थांबवण्यापेक्षा, चूक सिद्ध झाल्यास भरपाई द्यावी, असा हा कल आहे. त्यामुळे उशिरा येणाऱ्याची वाट बंद होत गेली आणि वेळेवर येणाऱ्याचीही अरुंद झाली.

(२२)
वेळेवर येऊन काय होते, याचे उदाहरण पिंपरीशी नाते असलेल्या कंपनीचेच आहे. २६ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईच्या बेस्टने १,४०० वातानुकूलित विद्युत बसगाड्यांसाठी १२ वर्षांच्या कराराची निविदा काढली. प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत एका चार्जमध्ये २०० किलोमीटर धावण्याची अट होती. टाटा मोटर्सने हा आकडा प्रमाणित चाचणीच्या परिस्थितीतील म्हणून दिला. ६ मे रोजी तिची निविदा तांत्रिक टप्प्यावर अपात्र ठरली. कंपनी लगेच उच्च न्यायालयात गेली आणि ५ जुलैला, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, निकालही आला.

(२३)
उच्च न्यायालयाने टाटाची अपात्रता कायम ठेवली, पण कंत्राट मिळालेल्या एव्ही ट्रान्सची निवडही चुकीची ठरवली. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा दुसरा भाग रद्द केला. टाटा अपात्र आहे हे ठरल्यावर न्यायालयाने पुढे जायला नको होते, नव्याने निविदा काढण्यात सार्वजनिक वेळ आणि पैसा जातो, असे त्यामागचे तर्क होते. वकिलांची फौज असलेली कंपनी काही दिवसांत न्यायालयात पोहोचते आणि तरीही हरू शकते. मग दहा कामगारांच्या कारखानदाराचे काय?

(२४)
त्याचे घड्याळ कधी सुरू होते, हेच त्याला ठाऊक नसते. तांत्रिक लिफाफा नाकारला त्या दिवशी? दर लिफाफा उघडला तेव्हा? स्थायी समितीने ठराव मंजूर केला तेव्हा? करारनामा झाला तेव्हा? की कार्यारंभ आदेश निघाला तेव्हा? नाकारल्याचे कारण लेखी मिळेपर्यंत थांबावे, तर समोर काम सुरू होते. न थांबता धावावे, तर हातात कागद नसतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. तेवढ्या काळात रस्त्याचे खोदकाम कितीतरी पुढे गेलेले असते.

(२५)
काम सुरू झाल्यावर वाद आणखी गुंतागुंतीचा होतो. २००८ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेचेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते; त्यात वाद कंत्राट रद्द करण्याचा होता. करारातून उद्भवणारे हक्क आणि वस्तुस्थितीचे तंटे रिट अर्जात सोडवता येत नाहीत, असा त्या निकालाचा रोख होता. म्हणजे करारावर सही होण्याआधीचा काळ आणि नंतरचा काळ यांचे दरवाजे वेगळे आहेत. पहिला दरवाजा बंद होण्याची तारीख कुणी सांगत नाही, पण तो बंद होतो.

(२६)
जगात काही ठिकाणी या प्रश्नाला आकड्याने उत्तर दिले आहे. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यानंतरची व्यवस्था अशी : तक्रारीचे कारण कळल्यापासून साधारण दहा दिवसांत संघीय लेखा कार्यालयाकडे यावे, तक्रार वेळेत आली तर कंत्राटाचे काम सहसा आपोआप थांबते, आणि निकाल १०० दिवसांत लागतो. इथे मुदत तिघांनाही आहे, तक्रारदाराला, सरकारला आणि निकाल देणाऱ्यालाही.

(२७)
युरोपाची वाट वेगळी. ऑस्ट्रियातील अल्काटेल प्रकरणात युरोपीय न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले की निवड आणि करार यांच्यात आव्हानाला जागा असली पाहिजे. निवड कळायच्या आतच करार झाला, तर दाद मागण्याचा हक्क पोकळ ठरतो. त्यातून २००७ च्या निर्देशात किमान दहा दिवसांचा ‘थांबा’ आला. निर्णय कळवायचा, कारणे द्यायची आणि मग दहा दिवस सही करायची नाही. जागतिक बँकेनेही २०१६ पासून आपल्या अर्थसाहाय्याच्या कामांत दहा कामकाजी दिवसांचा असाच थांबा ठेवला.

(२८)
भारतातही प्रयोग झाले आहेत. तमिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदीचे स्वतंत्र कायदे केले. तमिळनाडू आणि राजस्थानात अपिलाला दहा दिवस, कर्नाटकात तीस. केंद्राचे सार्वजनिक खरेदी विधेयक मे २०१२ मध्ये लोकसभेत आले आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर संपुष्टात आले. महाराष्ट्रात खरेदीची कार्यपद्धती मुख्यतः शासन निर्णयांवर चालते. १ डिसेंबर २०१६ चा उद्योग विभागाचा शासन निर्णय त्यातील प्रमुख. न्यायालयाकडे जाण्याचा रस्ता मात्र हिदायतुल्लांच्या १९६८ च्या उत्तरावरच उभा आहे : आकडा नाही, विवेक आहे.

(२९)
मग आकडा ठरवणे हाच उपाय आहे का? इथे १८७५ ची आठवण ठेवावी. १८५९ चा कायदाही एका आकड्याने गोंधळ संपवायला निघाला होता. आकडा ठरला, पण ज्याच्या हातात वही होती त्यालाच तो वापरता आला. दहा दिवसांची मुदत ठेवली आणि नाकारण्याचे कारण अकराव्या दिवशी दिले, तर तो आकडा तक्रारदाराविरुद्धच काम करील. युरोपच्या थांब्याचे मर्म ‘दहा’ या संख्येत नाही. आधी कारण कळवणे आणि तोवर सही न करणे, या दोन बंधनांत ते आहे, आणि ही दोन्ही बंधने सरकारवर आहेत.

(३०)
दुसरी बाजूही खरी आहे. जलवाहिनीचे काम स्थगितीत अडकले तर त्याची किंमत हरलेला निविदाकार मोजत नाही. टँकरची वाट पाहणारी वस्ती मोजते. खापरखेड्याच्या निकालामागे हीच काळजी होती. म्हणून प्रश्न ‘मुदत हवी की नको’ असा कधीच नव्हता. प्रत्येक काळात मुदत होतीच. कधी कायद्यात लिहिलेली, कधी न्यायाधीशाच्या मनात, कधी रस्त्यावर सुरू झालेल्या खोदकामात. प्रश्न हा आहे की ती तक्रारदाराला आधी कळते की हरल्यानंतर.

(३१)
१९७७ च्या त्या निविदा सूचनेत उपाहारगृह किती वर्षांसाठी, निविदा कुणी भरायची, लिफाफा किती वाजेपर्यंत आणि तो उघडायचा किती वाजता, हे सगळे लिहिलेले होते. आज निविदा संगणकावर भरल्या जातात आणि त्यांची अंतिम वेळही मिनिटापर्यंत दिसते. निवड मान्य नसेल तर दाद कुणाकडे, किती दिवसांत मागायची आणि तोवर करारावर सही होणार नाही याची हमी काय, एवढ्या ओळी त्या सूचनेत अजून यायच्या आहेत.

(धागा समाप्त)